नऊ नंबरची बाग

जिन्यात अण्णा समोरून आले की आमच्या इमारतीतली माणसं नकळत पाय मागे घेतात. अण्णा बोलतात आपल्याशी, पण नजर खाली असते. "काय हो, बरं चाललंय ना?" ही चौकशी माझी की माझ्या बुटांची, हे मला पहिली दोन वर्षं कळलंच नाही. मग एके दिवशी ते खाली वाकले, माझ्या उजव्या बुटाची टाच अंगठ्याने दाबून पाहिली आणि पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलावं तशा आवाजात म्हणाले, "दिवाळीपर्यंत काढतील. मग मला द्या. तोवर दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका."

अण्णा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. डोंबिवली ते व्हीटी (त्यांच्या लेखी ती अजून व्हीटीच) अशी तीसेक वर्षं त्यांनी लोकलमध्ये उभ्याने काढली. बुटांचा अभ्यास तिथलाच. बाकी जगाचे बूट तळातून झिजतात, डोंबिवलीकराचे वरून झिजतात, हा त्यांचा सिद्धांत. कारण चालतो आपण कमी आणि आपल्यावर उभे राहणारे जास्त. त्यामुळे तळ शाबूत, टाचा शाबूत, फक्त वरचं कातडं गेलेलं, असे बूट आमच्या गावात मुबलक निघतात आणि अण्णांच्या मते कुंडीला तळ लागतो, वरचं कातडं नाही.

गच्चीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, हे सगळे जोड ओळीने मांडलेले आहेत. प्रथमच वर जाणारा माणूस दारातच थबकतो आणि आपल्या चपला काढतो. आत एखादी पूजा चालू असावी असंच वाटतं.

बुटाची कुंडी करणं हे अण्णांकडून ऐकावं. सामान्य माणूस टाचेला भोक पाडतो आणि तिथेच फसतो. "टाच उंच, चवडा खाली. पाणी कुठे जाणार?" असं विचारून ते आपल्याकडे इतका वेळ बघत राहतात, की आपल्याला "चवड्याकडे" असं उत्तर द्यावंच लागतं. म्हणून भोकं चवड्याला, चार. तळ रबरी असेल तर जुना स्क्रूड्रायव्हर गॅसवर लाल करून खुपसायचा. त्या वासावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं की आज अण्णांकडे नवीन जोड आला. मग चवड्यात नारळाच्या शेंड्या कोंबायच्या, वर वाळका पाला, वर खतमाती. जीभ बाहेर ओढून ठेवायची, म्हणजे पाणी घालताना माती उडत नाही. बुटात माती बसते जेमतेम तीन-चार बोटं, तेव्हा खोल मुळांचं काही लावायचं नाही. गुलाब मागणाऱ्याला अण्णा सरळ गमबुटाकडे पाठवतात. पण काळा गमबूट उन्हात तापतो आणि मुळं शिजतात, म्हणून त्याला आधी चुना फासायचा. आमच्या गच्चीवर चार पांढरे गमबूट उभे आहेत. रात्री टाकीचं पाणी बघायला गेलेल्या वॉचमनला ते एकदा चालताना दिसले होते.

स्वतःच्या शेवटच्या ऑफिसच्या बुटांत, नऊ नंबर, काळे, अण्णांनी ऑफिस टाइम लावलंय. चिनी गुलाब म्हणतात ते. ऊन चढलं की दहाच्या सुमाराला उमलतं, दुपार कलली की मिटून घेतं. अण्णा पावणेदहालाच स्टूल टाकून समोर बसतात. एखादं फूल उशिरा उघडलं तर त्यांच्या कपाळावर आठी चढते. एकदा ढगाळ हवेत साडेअकरापर्यंत एकही उघडलं नाही, तेव्हा "मेगाब्लॉक दिसतोय" असं पुटपुटत ते खाली गेले.

बुटाचं बाकी काही वाया जात नाही. सुती नाड्या भिजवून एक टोक बाटलीत, दुसरं मातीत; अण्णा गावाला गेले तरी झाडं पाणी पीत राहतात. स्लिपरचे पट्टे वेलाला बांधायला. तळाचे चौकोन कुंड्यांखाली, म्हणजे स्लॅब ओला राहत नाही. नायलॉनच्या मोज्यांत दुधी झोपाळ्यासारखा लोंबतो. तो मोजा कुणाचा होता हे विचारू नये.

अडलं ते कोल्हापुरीपाशी. चपलेला ना कड ना पोट, माती धरणार कशात? अण्णा आठवडाभर अस्वस्थ होते. मग त्यांनी ती भिंतीला उभी ठोकली, अंगठ्यात नारळाचा काथ्या भरला आणि त्यावर सीतेची वेणी बांधली. या ऑर्किडला माती लागतच नाही. शिवाय खरी कोल्हापुरी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेली, रसायनाचा त्रास नाही. 2019 साली कोल्हापुरीला जीआय मिळालं तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे त्यात होते, हे ते प्रत्येक पाहुण्याला बोटांवर मोजून सांगतात. 2025च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन घराण्याने कोल्हापूरचं नावही न घेता तसल्याच चपला मिलानच्या मंचावर चालवल्या, त्या दिवशी अण्णांनी भिंतीवरच्या चपलेला दोनदा पाणी घातलं. ऑर्किड नर्सरीतून साडेतीनशेला आणलं होतं, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे तशी वेगळी नाही. अण्णांची एक वही आहे. तीत प्रत्येक जोडापुढे "कुंडी वाचली, रु. 60" अशी नोंद असते. खर्चाची बाजूच नाही. ड्रिल मशीन, खताची पोती, ते ऑर्किड, कशाचाच पत्ता नाही. ज्या माणसाने उभ्या नोकरीत दुसऱ्याच्या प्रवासभत्त्यातले आठ आणे सोडले नाहीत, त्याची ही वही मी एकदा वाचली आणि गप्प बसलो.

काकूंचं मत एकाच वाक्यात आहे : "पायातली वहाण पायातच बरी." त्यावर अण्णा म्हणतात, "भरताने पादुकांवर चौदा वर्षं राज्य चालवलं. मी नुसती झाडं चालवतोय." काकूंनी दोन अटी घातल्यात. तुळस बुटात जाणार नाही, आणि बुटातली कोथिंबीर त्यांच्या पोह्यांवर येणार नाही. दुसरी अट मोडल्याचा त्यांना संशय आहे. पोह्यांत कोथिंबीर दिसली की त्या आधी दारातल्या चपला मोजतात.

पालिकेचा माणूस डेंग्यूच्या अळ्या शोधत आला तेव्हा मात्र आम्ही सगळे धास्तावलो. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतो, आणि इथे तर बावीस जोड. तो बॅटरी घेऊन प्रत्येक बुटाच्या चवड्यात डोकावला. एकातही थेंब नाही. अण्णा मागे हात बांधून उभे, ऑडिटला बसल्यासारखे. जाताना त्याने स्वतःच्या बुटाकडे बघितलं. अण्णांनी ते आधीच बघून ठेवलं होतं.

माझे काळे बूट ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर गेले. माघात मामेभावाचं लग्न निघालं. कोट चढवला, आणि पायात घालायला फक्त सँडल. वर गेलो. माझे बूट ऑफिस टाइमच्या शेजारी उभे होते. एकात पुदिना, दुसऱ्यात काहीतरी बारीक जांभळं.

"अण्णा, दोन दिवसांसाठी..."

"आता कसं शक्य आहे? डाव्याला कळ्या धरल्यात."

थोडं थांबून ते खाली गेले आणि स्वतःचे लग्नकार्यात घालायचे तपकिरी बूट घेऊन आले. पॉलिश करून, कागदात गुंडाळलेले. मला एक नंबर मोठे, पण झाले. मी आभार मानू लागलो तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"ते राहू द्या. हॉलमध्ये कुणाच्या पायाखाली येऊ नका, आणि टाच जपा. पुढच्या मृगाला त्यांत पावसाळी लिलीचे कांदे लावायचेत."