सेटदादा

सेटदादाला वय विचारलं की तो सरळ आकडा सांगत नाही. ‘‘पाच वर्षांपूर्वी माझं आणि धाकट्या भावाचं वय चारास तीन या प्रमाणात होतं. आज दोघांच्या वयांची बेरीज पंचेचाळीस. काढा.’’ विचारणारा बहुधा उधवा नाक्यावर तलासरीच्या इकोची वाट बघत उभा असतो, आणि इको आली की त्याची सुटका होते. चिकाटीने गणित सोडवणाऱ्याला उत्तर पंचवीस येतं. गेल्या वर्षीही पंचवीसच आलं होतं. वय वाढतं, पण दादा गणित बदलत नाही.

आईबापांनी ठेवलेलं नाव रेशनकार्डावर असेल. पण काखेत सदा सराव प्रश्नसंच, त्याला स्पायरल बाइंडिंग आणि वर प्लास्टिकचं कव्हर, तेव्हा गावाने त्याला सेटदादा करून टाकलं. नाक्यावर त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा फॉर्म, काहीही काढायला जा; मशीन गरम होईपर्यंत एक प्रश्न पदरात पडतोच. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या एका आजीला त्याने विचारलं, ‘‘एका बाजूचे दोन रुपये, पाठपोट तीन रुपये. पाठपोट घेतली तर शेकडा किती वाचले?’’ आजी म्हणाली, ‘‘एकच बाजू दे. दुसरी मी घरी जाऊन बघेन.’’

असा एक माणूस कासा, झरी, धुंदलवाडी, कुठल्याही नाक्याच्या गावात सापडतो. पुण्यात खोली घेऊन वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षा देणारा उमेदवार वेगळा. त्याला निदान स्वतःला साहेब व्हायचं असतं. सेटदादाला काहीच व्हायचं नाही. तो दुसऱ्यांच्या पोरांना परीक्षेला बसवतो. स्वतः तो एकदाच बसला, आणि ती गोष्ट तो कोणी न विचारता सांगतो.

2019 साली महाराष्ट्राची सीईटी कागदावरून कॉम्प्युटरवर गेली, त्याच साली दादा बारावी सायन्स करून परीक्षेला गेला. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकाला 2 गुण, वेळ 90 मिनिटं. दादाने 17 प्रश्न व्यवस्थित, पायऱ्या मांडून, कच्चं काम करून सोडवले. उरलेल्या 33 प्रश्नांना त्याने हात लावला नाही. येत नसेल ते लिहू नये, असं आश्रमशाळेत सरांनी शिकवलं होतं आणि दादा आज्ञाधारक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे त्याला परतीच्या लोकलमध्ये शेजारी बसलेल्या वसईच्या एका मुलाने सांगितलं. विरारपासून डहाणू रोडपर्यंत दादा हिशेब करत राहिला. 33 प्रश्न, चार पर्याय, डोळे मिटून टिचक्या मारल्या असत्या तरी सरासरी आठ बरोबर आले असते. म्हणजे सोळा गुण. ते सोळा गुण तो अजून वसूल करतो आहे.

मध्ये त्याने तलासरीत पदवीला नाव घातलं, उंबरगावच्या जीआयडीसीत रात्रपाळी धरली, मग दोन्ही सोडलं आणि मशीन घेतलं. नशीब उघडलं ते 2024 मध्ये. बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या अखत्यारीत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांनाही प्रवेश परीक्षा लावली. त्याआधी बारावीच्या गुणांवर सरळ प्रवेश मिळायचा. आता इंग्रजीचे 40 प्रश्न, तर्क आणि अंकगणिताचे 30, सामान्य ज्ञानाचे 15, संगणकाचे 15. वेळ तीच 90 मिनिटं. पालक चिडले, कॉलेजं हवालदिल झाली. जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की कक्षाला त्याच वर्षी पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नाव बदलून परीक्षेलाच बगल दिली. अख्ख्या महाराष्ट्रात या निर्णयाचा मनापासून आनंद झालेला मला माहीत असलेला माणूस एकच, तो उधव्याचा. भौतिकशास्त्र नाही, रसायनशास्त्र नाही. नफा-तोटा, काळ-काम-वेग, आणि वाचायला उतारे! दादाने नवा सेट बांधला आणि दुकानाच्या ओट्यावर वर्ग भरवला.

वर्गाची वेळ ठरलेली नाही. अकरावी-बारावीची पोरं सुट्टीत वापी-उंबरगावच्या कंपन्यांत पॅकिंगला जातात, कुणी डहाणूकडे चिकूच्या वाडीत. दादा पाळ्या विचारून ठेवतो आणि पहिल्या पाळीचं पोर इकोतून उतरलं की त्याच्या हातात कागद देतो. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा नेली होती. ती कुरणशाळा शिक्षणाच्या पुस्तकांत गेली. दादाची ही पाळीशाळा कुठल्या पुस्तकात जायची नाही. अनुताई मुलांना शंख, शिंपले, बिया मोजायला देत. दादा सरळ ‘अ आणि ब मिळून एक काम बारा दिवसांत करतात’ इथूनच सुरू करतो. एवढा फरक सोडला तर जात एकच.

त्याच्या गणितांवर खरी परीक्षा येते ती पावसाळ्यात, कारण तेव्हा बाप घरी असतात. तलासरी-डहाणूच्या पाड्यांतून पुष्कळ माणसं पोरबंदर, वेरावळ, ओख्याच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसात बोटी बंद, माणसं घरी. एका पावसाळ्यात एका पोरीचे वडील तिला न्यायला आले आणि ओट्यावर टेकले. दादा गणित सांगत होता: नाव प्रवाहाच्या दिशेने ताशी 14 किलोमीटर जाते, प्रवाहाविरुद्ध 8, तर शांत पाण्यातला वेग किती?

‘‘जाळं टाकलेलं आहे का वर घेतलंय?’’ वडिलांनी विचारलं.

‘‘जाळं नाही, काका. नाव रिकामी आहे.’’

‘‘रिकामी? मग निघाली कशाला? डिझेल काय फुकट आहे?’’

‘‘डिझेल दिलेलं नाही.’’

‘‘तांडेल कोण आहे?’’

दादाने सेट उलटून पाहिला. तांडेल दिलेला नव्हता. ‘‘तांडेल नाही, जाळं नाही, डिझेल नाही,’’ काका म्हणाले, ‘‘आणि पाणी शांत. अशी बोट असेल तर मला सांग, मीच जातो.’’ पोरगी एव्हाना अकरा म्हणून मोकळी झाली होती. दादाने तिच्या वहीवर बरोबरची खूण केली आणि काकांना चहा सांगितला. काम-वेळेच्या गणितांवर बोलायला तो मुकादमांना मात्र ओट्यावर बसू देत नाही. दुप्पट माणसं लावली की काम निम्म्या वेळात होतं, हे एकदा एका मुकादमाने ऐकलं होतं आणि तो इतका हसला की वर्गाचा नियमावरचा विश्वासच उडायची वेळ आली. दुप्पट माणसं आली की दुपारी ताडीला जायला सोबत होते, हे त्याचं शास्त्र. सेटमध्ये अ आणि ब ताडी पीत नाहीत. म्हणूनच त्यांना नावं नसावीत.

उताऱ्यांचं प्रकरण याहून नाजूक. दादाची पद्धत पक्की: आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, आणि उताऱ्याबाहेरचं काही डोक्यात आणायचं नाही. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली आहे की लग्नपत्रिका हातात आली तरी तो आधी तळाशी जेवणाची वेळ बघतो आणि मग वर वधूवरांकडे येतो. पेसाच्या ग्रामसभेत एका पुढाऱ्याचं पाऊण तासाचं भाषण झालं. मागून दादाचा आवाज आला, ‘‘वक्त्याचा सूर कोणता? अ, आशावादी. ब, उपरोधिक. क, तटस्थ. ड, यांपैकी नाही.’’ पोरं एका सुरात ‘‘ड’’ म्हणाली. तेव्हापासून ग्रामसभेच्या दिवशी त्याला दुकानात पुष्कळ काम आहे असं सांगितलं जातं.

पण एकदा सेटच त्याच्यावर उलटला. इंग्रजी उतारा होता वारली चित्रकलेवर. मुलं खूश, आजवर त्यांनी हिमनद्या, मधमाश्या आणि लंडनची भुयारी रेल्वे वाचली होती, घरचा विषय पहिल्यांदाच आला. प्रश्न: उताऱ्यानुसार लग्नाचं चित्र कोण काढतं? त्या खलाशाच्या पोरीने वाचायच्या आधीच क वर खूण केली, सवाष्ण बायका. तिची आजी धवलेरी. लग्नात भिंतीवर चौक लिहितात, तांदळाच्या पिठाने, मध्ये पालघट देवी, आणि ते सगळं धवलेरीच्या गाण्यावर चालतं. त्या पोरीने हे जन्मापासून पाहिलेलं. दादाने मागचं पान उघडलं. उत्तर होतं अ, गावातील कलाकार.

‘‘उताऱ्यात काय लिहिलंय?’’

‘‘गावातील कलाकार. पण ते खोटं आहे.’’

‘‘खोटं असेल. पण बरोबर अ आहे.’’

‘‘माझी आजी...’’

‘‘आजी उताऱ्यात नाही, बाय.’’

पोरीने खूण खोडली नाही. मला विचाराल तर तिचं चुकलं नाही. वारली चित्र भिंतीवरून कागदावर आलं आणि जगभर गेलं ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर पुरुष चित्रकार पुष्कळ झाले, आणि उतारा लिहिणाऱ्याने बहुधा त्यांचीच चित्रं पाहिली असणार, कुठल्या तरी विमानतळावर. गंजाडला येऊन लग्न बघायची अट प्रश्न काढणाऱ्याला नसते. अट फक्त सोडवणाऱ्याला असते. दादालाही ते बोचलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याच्या सेटमध्ये त्या उत्तराशेजारी लाल पेनाने ‘क’ लिहिलेलं दिसलं, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘परीक्षेत अ’.

वेळेच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही. 90 मिनिटांचा पेपर म्हणजे 90 मिनिटं. नोव्हेंबर 2018 पासून या भागात भूकंपाचे धक्के बसतात. मोठे थोडे, बारीक इतके की लोकांनी मोजणं सोडलं. एका हिवाळ्यात लोक घराबाहेर तंबूत झोपत होते. एकदा सराव परीक्षा चालू असताना ओटा हलला. भांड्यांचा आवाज झाला, पोरं उठून रस्त्यावर गेली. दादाही गेला, पण मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं नाही. धक्का गेल्यावर सगळे परत बसले तेव्हा तो म्हणाला, ‘‘चार मिनिटं गेली. खऱ्या परीक्षेत वाढवून मिळत नाहीत.’’ एकाने विचारलं, भूकंप झाल्यावर तरी? दादाने माहितीपुस्तिका आणली. त्यात भूकंपाचा उल्लेख नव्हता. ‘‘बघ,’’ तो म्हणाला, ‘‘उल्लेख नाही म्हणजे मिळत नाही.’’

आणि शेवटची पाच मिनिटं आली की ओट्यावर एकच आरोळी उठते: ‘‘ठोका!’’ म्हणजे राहिलेल्या सगळ्या प्रश्नांवर कुठला तरी पर्याय ठोकून द्यायचा. एकही कोरा दिसला तर दादा त्या पोराला दुकानातून झेरॉक्सवर सूट देत नाही. या एका बाबतीत मला तो तालुक्यातल्या पुष्कळ शिकवणाऱ्यांपेक्षा शहाणा वाटतो. त्रिकोणमिती शाळेत शिकवतात. खेळाचे नियम कुणी शिकवत नाही. ते ज्याच्या शेजारी वसईचा मुलगा बसतो त्याला कळतात, आणि तेही परतीच्या गाडीत.

निकाल लागला. खलाशाच्या पोरीला एकसष्ट पर्सेंटाइल. वडील पेढे घेऊन ओट्यावर आले. ‘‘एकसष्ट टक्के!’’

‘‘टक्के नाही, काका. पर्सेंटाइल. म्हणजे शंभर पोरं उभी केली तर एकसष्ट तिच्या बरोबरीला नाहीतर मागे.’’

काका हिशेबाला लागले. ‘‘मग पुढे एकोणचाळीस? बस? आठ-आठ खलाशी धरले तर पाच बोटींचीच माणसं झाली की. तेवढी तर आपल्या पाड्यातून जातात!’’ दादाने तोंड उघडलं. परीक्षेला बसणारे शंभर नसतात, हजारोंनी असतात, हे तो सांगणार होता. मग त्याने पेढा घेतला आणि तोंड बंद केलं. चुकीचं उत्तर तसंच सोडून दिल्याचं माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच. त्याऐवजी त्याने जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वैधतेच्या अर्जाची पावती, सगळ्याच्या पाठपोट तीन-तीन प्रती काढून दिल्या. पैसे घेतले, पण एका बाजूचे.

पोरगी पालघरकडच्या कॉलेजात बीसीएला लागली. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा ओट्यावर नवी बॅच बसली होती. दादाने तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि सांग म्हणाला, कॉलेजची परीक्षा कशी असते.

‘‘पर्याय फार नसतात, दादा,’’ ती म्हणाली. ‘‘बहुतेक सगळं लिहायचं. स्पष्ट करा, चर्चा करा, उदाहरण देऊन सांगा.’’

ओटा गप्प झाला. दादाने चष्मा काढून पुसला.

‘‘म्हणजे अ, ब, क, ड नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ठोकायचं कुठे?’’

तिला हसू आवरेना. दादा मात्र हसला नाही. त्याने कोरा कागद ओढला, वर कॉलेजचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली आणि म्हणाला, ‘‘परत जाशील तेव्हा लायब्ररीत विचार. मागच्या पाच वर्षांचे पेपर देतात का बघ. झेरॉक्सचे पैसे मी देतो.’’