टर्बोभाऊ

टर्बोभाऊंना गाडी घ्यायची आहे, ही शेलूबाजारात आता बातमी राहिलेली नाही. ‘यंदा पाऊस बरा दिसते’ याच्यानंतर बोलायचा तो विषय आहे. समृद्धी महामार्गात वावराचा तुकडा गेला, मोबदला आला आणि तेव्हापासून घोडं एकाच जागी अडलंय: शोरूममधून कोरी व्हर्टस जीटी काढावी, की पुण्याहून वापरलेली ऑक्टेव्हिया आरएस २४५ आणावी?

नवीत दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० घोडे, शिवाय वॉरंटी. जुनीत घोडे २४५! आणि २०२० साली ती भारतात आली तीच मुळी २०० नग. ‘दोनशे, राजेहो!’ म्हणताना भाऊंचा आवाज असा खाली येतो, की चहावालाही गॅस बारीक करतो.

घरी मात्र हा विषय टिकत नाही. भाऊंनी एकदा वडिलांना नव्या गाडीची हुशारी सांगितली. ‘बाबा, इंजिनावर ताण नसला का दोन सिलिंडर आपोआप बंद होते. पेट्रोल वाचते.’ बाबा पानाला चुना लावत होते. ‘मंग चाराचे पैसे कायले द्याचे?’

भाऊ जुन्या गाडीकडे वळले.

‘एवढी चांगली हाये, त मालकानं इकाले कायले काढली?’

वापरलेल्या जोरकस गाड्यांच्या बाजारात याहून शहाणा प्रश्न मी तरी ऐकलेला नाही. तरुणपणी गाडी दामटून गिअरबॉक्सचा जीव काढणारा मालक जाहिरातीत कधीच भेटत नाही. तिथं भेटतात ते सगळे डॉक्टर, एकहाती वापर, आठवड्यातून एकदा देवदर्शन. चार टायरांचा भाव भाऊंनी घरात अजून सांगितलेला नाही. सांगितला तर बाबा तो सोयाबीनच्या क्विंटलांत मोजतील, आणि हमीभावानं मोजला तरी आकडा ऐकवणार नाही.

वहिनींनी फक्त डिक्कीत दळण बसतं का, एवढंच विचारलं. ‘पाचशे नव्वद लिटर!’ भाऊ म्हणाले. दळण लिटरात सांगणाऱ्या नवऱ्याशी पुढे काय बोलायचं, म्हणून त्या आत गेल्या.

तयारीत मात्र भाऊ कुठे कमी नाहीत. जुनी गाडी जमिनीला लागून चालते. नवीचं पोट १७९ मिलिमीटर उंच. म्हणून एका सकाळी ते शिंप्याचा टेप घेऊन गावाच्या तोंडाशी गतिरोधकावर पालथे पडले. एक डोळा मिटून उंची घेतली, वहीत लिहिली, दुसऱ्या बाजूनं पुन्हा घेतली. उठून पाहतात तर समोर चार माणसं. त्यांतल्या एकानं बांधकाम खात्याचे साहेब समजून पांदण रस्त्याचा अर्ज हातात दिला. भाऊंनी तो घेतलाही. त्यावर पोच मागितली तेव्हा पंचाईत झाली.

संध्याकाळी ते समृद्धीवरच्या पुलावर असतात. खालच्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आणि भाऊंकडे स्प्लेंडर. त्यामुळे ज्या रस्त्यात स्वतःचं वावर गेलं, त्याच्याकडे वरूनच पाहावं लागतं. कठड्याला टेकून, डोळे मिटून ते नुसत्या आवाजावर गाडी सांगतात. बरोबर आली तर मान हलवतात; चुकली तर मालकानं सायलेन्सर बदललेला असतो.

तिथंच एका पोरानं विचारलं, ‘भाऊ, इथं मर्यादा एकशेवीसची. मंग अडीचशे घोडे कायले पाह्यजे?’

‘घोडे दावणीले असले तरी पाव्हण्याले दिसते ना बे!’

मागच्या महिन्यात कारंजाहून भाऊंचा मेहुणा आला. कर्ज मंजूर झालेलं, कागद खिशात. ‘भाऊजी, गाडी घ्याची हाये. तुमच्याशिवाय कोनाले इचारू?’ टपरीवरची मंडळी सरसावून बसली. व्हर्टस निघणार, आरएस निघणार, दोन सिलिंडरं बंद होणार.

चहा यायच्या आत भाऊ म्हणाले, ‘बोलेरो घे. पांदणीतून जाते, तुरीचे कट्टे बसते, आन् उद्या इकली तरी पैसे वापस येते.’

मेहुण्यानं तिथूनच फोन लावला आणि टोकनही भरून टाकलं. त्या दिवसापासून भाऊंचं त्याच्याविषयी मत फार वाईट झालंय. ‘दहा मिनिटांत गाडी घेतली बुवा त्यानं,’ ते सांगत असतात. ‘त्याले गाड्यांतलं काही समजतच नाही.’