काही न घडलेल्या वर्षाचा अहवाल कसा लिहावा

मुक्त सॉफ्टवेअरच्या एखाद्या प्रकल्पात तुम्ही हौसेने शिरला असाल आणि "तुला सर्व्हरमधलं थोडंफार कळतं ना?" असं कुणी विचारल्यावर चारचौघांत "हो" म्हणून बसला असाल, तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. त्या 'हो'बरोबर तुम्ही इन्फ्रा चमूत, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या चमूत, भरती झालात. वर्षाचा आढावा लिहायचं काम डिसेंबरात सर्वांत नव्या माणसाकडे येतं. जुनी माणसं नेमकी त्या बैठकीला नसतात.

तुम्ही कासूत राहता असं धरून चालू. पनवेल-रोहा मार्गावर पेण सोडलं की नागोठण्याच्या आधी लागतं ते रायगडातलं कासू. उरलेल्या महाराष्ट्राला हे नाव माहीत आहे ते महामार्गाच्या बातम्यांतून. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि पुढे 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' असे त्याचे दोन टप्पे रोज छापून येऊ लागले. नवशिक्याला याहून चांगली शाळा मिळणार नाही. रस्त्यात खड्डा पडला की बातमी होते, आंदोलन होतं, विधानसभेत प्रश्न येतो. 'काल रात्री कासूजवळून सगळी वाहनं बिनबोभाट गेली' अशी बातमी मात्र कोणत्याही पेपरात येत नाही. तुम्हाला नेमकी तीच बातमी तीन पानांत लिहायची आहे.

पायरी पहिली: आकडा शोधा

सुरुवात टक्क्यांनी करावी. 'आपली सेवा वर्षभर ९९.९ टक्के सुरू होती' हे वाक्य वाचून सगळ्यांना बरं वाटतं. ९९.९ टक्के म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद, हे गणित अहवालात मांडू नये. आणखी एक नऊ वाढवून ९९.९९ केलंत तर वर्षाला फक्त ५२ मिनिटं हातात उरतात, म्हणजे एका चुकलेल्या अपग्रेडपुरती. रायगडात वाढलेल्या माणसाला हे आकडे जरा परग्रहावरचे वाटतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले होते. तरीही आकडा लिहा. दशांश चिन्हानंतर जितके नऊ, तितकी प्रतिष्ठा.

दुसरी पायरी, आकडा लिहिण्याची, पहिलीतच उरकली.

पायरी तिसरी: प्रमाणपत्रं

वेबसाइटच्या कुलपाच्या चित्रामागे एक प्रमाणपत्र असतं आणि त्याची मुदत संपते. लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रं २०२५ मध्ये ९० दिवसांची होती. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाल्यांनी आणि प्रमाणपत्रवाल्यांनी मिळून ठरवलं, की मार्च २०२९ पासून कोणतंही नवं प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. नूतनीकरण आपोआप होतंच, पण ते आपोआप करणारी स्क्रिप्ट कुणी लिहिली, तो माणूस आता कुठे आहे आणि ती बंद पडली तर इशाऱ्याचा ईमेल कोणत्या पत्त्यावर जातो, हे विचारू नका. बहुधा तो पत्ताही त्याच सर्व्हरवर असतो. अहवालात लिहा: 'सर्व प्रमाणपत्रांचे नूतनीकरण वेळेत झाले.'

पायरी चौथी: बॅकअप

इथे थोडं थांबावं लागेल, कारण या पायरीवर खोटं लिहायचा मोह सर्वाधिक होतो.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री कोड ठेवायला जागा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. लक्षात येऊन त्याने ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप काढायला गेले. बॅकअप आणि प्रतिकृतींच्या मिळून पाच पद्धती कागदावर होत्या आणि पाचांतली एकही धड चालत नव्हती. अखेर वाचवलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका प्रतीने. कंपनीने हे लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं आणि नंतर सगळा प्रकार सविस्तर लिहून काढला. इन्फ्रावाल्यांत तो मजकूर आजही वाचला जातो. वर्षभर सगळं सुरळीत चाललेल्यांचे अहवाल कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून 'दररोज बॅकअप घेतला जातो' हे वाक्य लिहिण्यापूर्वी एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून सुरू होतो का ते पाहा. पाहायला वेळ नसेल तर वाक्य कर्मणीच ठेवा. कर्मणी प्रयोगात कुणी घेतला हे सांगावं लागत नाही.

पायरी पाचवी: गर्दी

पाहुणे वाढले हे अभिमानाने लिहायचे दिवस गेले. आता पाहुणे म्हणजे बहुतेक यंत्रं: एआय कंपन्यांसाठी मजकूर गोळा करत फिरणारे बॉट. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं ठेवणाऱ्या रीड द डॉक्सने असे बॉट अडवले, तेव्हा दिवसाला ८०० जीबीची वाहतूक २०० जीबीवर आली आणि महिन्याला सुमारे दीड हजार डॉलर वाचले. नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गिटलॅबवर दारातच एक छोटं गणित सोडवून घेणारा 'अनुबिस' नावाचा पहारेकरी बसवला, तर अडीच तासांत आलेल्या ८१ हजार विनंत्यांपैकी जेमतेम तीन टक्के आत गेल्या.

हे दूरचं वाटत असेल तर मराठी विकिपीडिया घ्या. २००३ पासून चालू असलेला हा ज्ञानकोश ज्या सर्व्हरांवर उभा आहे, तेच इंग्रजीचे आणि बाकी सगळ्या भाषांचेही. कासू स्टेशनच्या बाकावर बसून तुम्ही एखादं पान उघडता, तेव्हा मूळ मजकूर अमेरिकेत असतो. आशियातल्या वाचकांसाठी त्याच्या प्रती सिंगापुरात ठेवलेल्या असतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं, की जानेवारी २०२४ पासून चित्रं आणि चित्रफिती उतरवून घेण्याची वाहतूक ५० टक्क्यांनी वाढली. सर्वांत महागड्या वाहतुकीपैकी ६५ टक्के बॉटची, पाहिलेल्या पानांत मात्र त्यांचा वाटा ३५ टक्केच. कारण माणसं गाजलेली पानंच पुन्हा पुन्हा उघडतात आणि त्या प्रती जवळच तयार असतात. बॉट मात्र कोपऱ्याकोपऱ्यातलं पान मागतो, आणि ते थेट अमेरिकेतून आणावं लागतं.

विकिमीडियाच्या मंडळींकडून एक गोष्ट मात्र विनोद न करता शिकावी. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरात, ते सगळा कारभार मुद्दाम एका डेटा सेंटरवरून दुसऱ्यावर हलवतात. दोन-चार मिनिटं संपादन बंद राहतं, वर तशी पाटी लागते, बस. वेळ आली तर जमेल का, हे वेळ येण्याआधीच कळतं.

घर बदलणं हा वेगळा विषय आहे. फ्रीडेस्कटॉप या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला फुकट सर्व्हर देणाऱ्या कंपनीने ती सेवाच गुंडाळायचं ठरवलं आणि एप्रिल २०२५ अखेर जागा सोडायला सांगितलं, तेव्हा वर्षानुवर्षांचा संसार काही आठवड्यांत हलवावा लागला. फुकटच्या जागेचे आभार अहवालात ठळक माना आणि भाड्याच्या जागेचे दर त्याच दिवशी मागवा.

पायरी सहावी: खेकडे

आता लॅपटॉप मिटा आणि खाडीच्या बाजूला जा. पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या जमिनीत, भातशेती उभी आहे ती बाहेरकाठ्याच्या, म्हणजे बाहेरच्या बांधाच्या जिवावर. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. उधाणाच्या भरतीत बांध वरून फुटला तर सगळ्यांना दिसतो. पण बऱ्याच खांडी, म्हणजे बांधातली भगदाडं, आधी खेकड्याच्या बिळातून सुरू होतात. ओहोटीला एखादे काका बांधावरून सावकाश चालताना दिसतील. आतल्या अंगाला ओल दिसली की ते थांबतात, टाचेने दाबून पाहतात, खाली वाकून बिळात हात घालतात आणि चिखलाचे गोळे कोंबून वरून पायाने चेपतात. पाचेक मिनिटांचं काम. मग पुढे चालू लागतात. याची नोंद कुठेही होत नाही. खांड पडली की मात्र पंचनामा होतो, शेतात खारं पाणी शिरलेलं मोजलं जातं, आणि पुढची काही वर्षं ती जमीन नीट पिकत नाही.

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला अशीच ओल दिसली. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता. दुसऱ्या कुणी चहा प्यायला असता. त्याने टाच दाबली, आणि एक्सझेड नावाच्या फायली लहान करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये लपवलेलं चोरदार सापडलं. जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत ते पोचायच्या बेतात होतं. ते घालणाऱ्या 'जिया टॅन'ने दोनेक वर्षं निमूटपणे मदत करून विश्वास कमावला होता. आणि हे शक्य झालं, कारण तो प्रोग्रॅम वर्षानुवर्षं एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता, तो दमला होता, आणि 'लवकर काम करा नाहीतर दुसऱ्याला द्या' असा तगादा लावणारे काही जण होते.

तुमच्या अहवालात या अर्ध्या सेकंदाला जागा कशी करायची, याची पद्धत अजून कुणी काढलेली नाही. तोवर एक करा. 'कीरकोळ देखभाल' या मथळ्याखाली कुणी, कधी, काय पाहिलं आणि त्यात काही निघालं नाही, हे नावानिशी लिहा. मथळ्यातला 'कि' ऱ्हस्व करायला विसरू नका. अहवालावर पहिली प्रतिक्रिया त्याचीच येणार आहे.

पायरी शेवटची: तक्ता

डावीकडे कामं लिहा: डोमेनचं नूतनीकरण, ईमेल, बॅकअप, प्रमाणपत्रं, बिल्डची मशीनं, पासवर्डची तिजोरी, रात्रीचा फोन. उजवीकडे ते काम कोण करतं त्याचं नाव. सातही कामांपुढे एकच नाव आलं तर तक्ता सुधारायला जाऊ नका, चमूच्या फोटोखाली तसाच छापा. आणि ते नाव तुमचं असेल, तर छापायच्या आधी तिजोरीची किल्ली आणखी एकाकडे द्या, आणि पुढच्या डिसेंबरातल्या त्या बैठकीच्या दिवशी पेणला काहीतरी काम काढा.