डबक्यातली भाऊबंदकी

शेवाळाबद्दल चार चांगले शब्द बोलणारा माणूस आपल्याकडे सहसा सापडत नाही. वाईचा घाट असो की कऱ्हाडचा प्रीतिसंगम, पावसाळ्यात शेवाळाचं नाव निघतं ते ‘पाय जपून टाका’ एवढ्यापुरतं. एखाद्याच्या बुद्धीवर शेवाळ चढलं म्हणतात तेही काही कौतुकानं नव्हे. चिखलाला निदान कमळाची तरी बाजू आहे. शेवाळाच्या बाजूनं कुणी साक्ष द्यायला उभं राहत नाही.

असं असताना सातारा-सांगलीच्या पश्चिमेच्या जंगलात मुद्दाम शेवाळ हुडकत फिरणारी माणसं आहेत. बहुतेक जण वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक किंवा त्यांचे विद्यार्थी. चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७ चौरस किलोमीटरचं आहे आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या सीमा तिथं भेटतात. शेजारचं कोयना अभयारण्य त्याला जोडून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. व्याघ्र प्रकल्प म्हटल्यावर येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेलाच असतो, “वाघ दिसंल का?” त्यावर वनमजुराचं उत्तरही ठरलेलं, “नशिबात असंल तर दिसंल.” आणि त्याच वेळी पलीकडे एक सर वाघाकडे पाठ करून डबक्याशी उकिडवे बसलेले.

“काय गावलं, सर?”

“शेवाळ.”

“आमच्या न्हाणीमागं लई हाय की. कशाला एवढी तंगडतोड केली?”

या प्रश्नाला पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा सोपं उत्तर नाही. म्हणून सर बाटलीला चिठ्ठी चिकटवतात, तिच्यावर तारीख आणि ठिकाण लिहितात, पाण्यात चार टक्क्यांचं फॉर्मॅलिन घालतात आणि गप्प राहतात. खरं उत्तर सूक्ष्मदर्शकाखालीच मिळतं, आणि सूक्ष्मदर्शक कॉलेजात असतो.

या बाटलीतल्या मंडळींत माझी सगळ्यांत आवडती डेस्मिड. ही गोड्या पाण्यातली हिरवी सूक्ष्म शैवालं, एका पेशीत अख्खा संसार. क्लोस्टेरियम चंद्रकोरीच्या आकाराचं असतं. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पोकळी आणि तिच्यात जिप्समचे बारीक स्फटिक सतत थरथरत असतात. मायक्रॅस्टेरियस चपटं आणि गोल, कडेनं असं कातरलेलं की कात्री धरणाऱ्याच्या हाताला सलाम करावा. स्टॉरॅस्ट्रमला हात फुटलेले. कॉस्मेरियमच्या तर हजाराच्या वर जाती. त्यांतल्या दोघींमधला फरक सांगताना भिंगावरचे दोन तज्ज्ञही आवाज चढवतात. इतकी कारागिरी मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात, तीही म्हशीनं पाय दिला तर संपेल अशा डबक्यात. कुणी बघावं म्हणून सजायचं असतं, ही आपली समजूत इथं जरा हलते.

डेस्मिडच्या पेशीचे दोन सारखे अर्धे भाग असतात. मध्ये बहुतेकींना बारीक कंबर आणि त्या कंबरेत केंद्रक. वंश वाढवायची वेळ आली की पेशी बरोबर कंबरेत विलग होते. प्रत्येक लेकीच्या वाट्याला आईचा एक अर्धा भाग येतो आणि उरलेला अर्धा तिनं स्वतः वाढवायचा. नवा अर्धा आधी फुगीर, गुळगुळीत असतो. काही तासांत तो जुन्या अर्ध्याचा आकार घेतो, सगळ्या खाचाखोचांसकट. आता आपल्याकडची वाटणी आठवा. वाडा मधोमध विभागायचा म्हटलं की आधी तलाठी, मग सर्कल, मग मोजणी, मग कोर्ट. आणि नातू निवृत्त होईपर्यंत मधल्या भिंतीचा निकाल लागत नाही. डबक्यातल्या या बहिणी मात्र वाडा बरोबर निम्मा करतात, आपापल्या निम्म्याला नवा निम्मा जोडतात आणि बांधावरून एकमेकींच्या अंगावर धावून जात नाहीत. मजा म्हणजे प्रत्येक डेस्मिडच्या अंगावर एक बाजू वडिलोपार्जित आणि एक स्वकष्टार्जित. दोन्हींचा हिशेब एकाच सात-बाऱ्यावर, तोही बिनवादाचा.

ही भाऊबंदकी आणखी वरपर्यंत जाते. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण स्पायरोगायराचा हिरवा तंतू बघितला होता, त्यातला हिरवा पट्टा जिन्यासारखा वळत जायचा. डेस्मिड आणि स्पायरोगायरा एकाच गटात मोडतात, आणि जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचा पाण्यातला सर्वांत जवळचा नातलग हाच गट, असं जनुकांचा अभ्यास सांगतो. साधारण ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वी एका घराण्यानं पाण्याबाहेर बिऱ्हाड थाटलं. त्यातून पुढं अंजनी झाली, जांभळी झाली, उसाचा मळाही झाला. दुसरं घराणं पाण्यातच राहिलं. म्हणजे चांदोलीत जांभळीखालच्या डबक्याकडे आपण दुर्लक्ष करतो तेव्हा जांभळीच्या चुलत घराण्यालाच डावलतो. थोरल्या घराला सलाम आणि धाकट्याकडे बघायचं नाही, ही रीत माणसांतही जुनीच आहे.

धाकट्या घराचा स्वभाव मात्र मानी. डेस्मिडांना बहुधा किंचित आम्ल, क्षार आणि चुना कमी असलेलं, खतमुतानं न माखलेलं पाणी मानवतं. असं पाणी हवं असेल तर सह्याद्रीच्या सड्यावर जावं. जांभ्या दगडाचा सपाट कातळ, त्यातल्या खळग्यांत साठलेलं निव्वळ पावसाचं पाणी. कासचं पठार असंच. २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, चांदोलीही त्याच यादीत. तेव्हापासून कासला फुलांच्या हंगामात गर्दी एवढी की ऑनलाइन नोंदणी करून जावं लागतं. लोक ‘सीतेची आसवं’ नावाच्या जांभळ्या फुलांपुढे फोटो काढतात. ही कीटकभक्षी वनस्पती. तिच्या कुळातल्या पाण्यात बुडालेल्या झाडांचा झुपका काढून बाटलीत पिळणं ही डेस्मिड गोळा करायची जगभरातली जुनी युक्ती आहे. नाजूक डहाळ्यांत ती भरपूर अडकलेली असतात. फुलांना बघायला तिकीट आणि डेस्मिडांना बघायला पिळणं. दोन्हींत सीतामाईचं काय म्हणणं आहे ते कुणी विचारलेलं नाही.

वारणा चांदोलीच्या डोंगरात उगम पावते, वसंतसागर जलाशयात विसावते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. वाटेत दोन्ही काठांना ऊस. उसाला खत लागतं, आणि पिकानं न घेतलेलं खत पावसाबरोबर नदीत उतरतं. नदीत नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढला की मानी मंडळी हळूहळू काढता पाय घेतात आणि कशातही रमणारी मंडळी बैठक मारतात. १९६९ साली पामर नावाच्या अमेरिकन संशोधकानं सेंद्रिय घाण सोसणाऱ्या शैवालांची क्रमवारी लावली. पहिला नंबर युग्लिनाचा, आणि वरच्या नावांत सिनेडेस्मस, क्लोरेला. पाणी वरही हिरवं आणि खालीही हिरवं. कोण हिरवं आहे ते बघितल्याशिवाय त्याबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

म्हणूनच शैवालांच्या रुक्ष याद्यांना किंमत. एन. डी. कामत यांनी कोल्हापूरच्या शैवालांवर १९६३ साली जवळजवळ शंभर पानांचा लेख छापला. पानोपानी लॅटिन नावं, मापं आणि बारीक चित्रं. कादंबरी म्हणून तो कुणी वाचणार नाही. पण साठ वर्षांनी त्याच तळ्याचं पाणी कुणी भिंगाखाली धरलं तर कोण राहिलं आणि कोण परागंदा झालं हे त्या पानांशी ताडून बघता येतं. चांदोलीतल्या डबक्यांच्या याद्यांचंही तेच. वाघ फिरस्ता. तो आज इथं आणि पंधरवड्यानं गोव्याच्या हद्दीत. कॉस्मेरियमला पाय नाहीत. ते डबक्यात आहे तोवर डबक्यात काहीतरी शाबूत आहे, अशी ती लेखी हमी. उन्हाळ्यात डबकं आटलं तर डेस्मिडांच्या काही जाती जाड कवच घेऊन वाळक्या चिखलात पडून राहतात आणि मृगाच्या सरी आल्या की पुन्हा कामाला लागतात. रजेचा अर्ज नाही की हजर झाल्याचा अहवाल नाही.

हे सगळं वाचून माझं शेवाळाविषयीचं मत इतकं सुधारलं की गच्चीवरची टाकी हिरवी झाली तेव्हा मी घरात म्हटलं, “आधी कोणती जात आहे ते बघू, काही जाती शुद्ध पाण्याचं लक्षण असतात.” सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ब्रश माझ्या हातात दिला. वर म्हणाल्या, “घासून झाल्यावर जात सांगा.”