चढ फार नाही

सायकलवर सामान बांधून लांब निघालेला माणूस लोकांना एकतर नवस फेडणारा वाटतो, नाहीतर पैज हरलेला. दोन्हींत त्याची कीव येतेच. रेवसपासून रेड्डीपर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा कोकणातला रस्ता पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांचा लाडका, आणि कीव यायला सोयीचा. प्रत्येक खाडीपाशी तो खाली उतरतो आणि पलीकडे गेला की पुन्हा डोंगर चढू लागतो. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ इथे सायकलसकट फेरीबोटीत बसून अंमळ वारा खाल्ला, की पैलतीरावर चढ वाट बघत उभाच असतो.

चढ संपतो तिथे एखादं घर असतं आणि घराच्या ओट्यावर चौकशी बसलेली असते. मालवणकडे असाल तर सुरुवात ‘खयसून इलात?’ने होते. मग एकटेच का, घरचे काही बोलत नाहीत का, नोकरी आहे ना, असं करत करत प्रश्न सायकलच्या किमतीवर येतो. मी त्यातलं एक शून्य गिळतो. तरीही आजोबा सायकलभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणतात, “एवढ्या पैशांत स्टँडसुद्धा नाही?” मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही. अशी फसवणूक झालेल्या माणसाला निदान कोकम सरबत तरी दिलं पाहिजे, असं मग घरातल्या सगळ्यांचंच मत पडतं. त्यात मीठ, साखर, जिरं सगळं असतं. माझ्या पिशवीतल्या महागड्या पुडीत जिरंसुद्धा नसतं.

याच रस्त्याने मी गाडीनेही गेलो आहे. काचा वर, एसी चालू. तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही आणि कोणी काही दिलंही नाही. त्यात लोकांचा दोष नव्हता. बंद काचेआडच्या माणसाला काही हवं असेल, असं बाहेरून कुणाला कसं कळणार? सायकलवाल्याची गरज मात्र लांबूनच दिसते. घामाने भिजलेला शर्ट, लाल झालेलं तोंड आणि रिकामी बाटली हाच त्याचा अर्ज. त्याला मदत करायला ओळख लागत नाही.

मदतीचा आणखी एक प्रकार म्हणजे खोटं बोलणं. “पुढे चढ आहे का हो?” या प्रश्नाला कोकणात “चढ फार नाही” हेच उत्तर मिळतं, मग समोर आख्खा घाट का असेना. पहिल्यांदा राग येतो. नंतर कळतं, की खरं सांगितलं असतं तर आपण तिथेच बसकण मारली असती.

एवढं असूनही आपण निघतो ते भीती बरोबर घेऊनच. 1963 साली डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई सायकलवरून दिल्लीला यायला निघाली, तेव्हा तिने पिस्तूल घेतलं होतं. ते तिला कामालाही आलं. पण इराण-अफगाणिस्तानातून ती पार झाली ती अनोळखी लोकांनी दिलेल्या चहा-रोटीवर आणि रात्रीपुरत्या आसऱ्यावर. माझ्याकडे पिस्तुलाच्या जागी मिरपुडीचा फवारा असतो. तो नेमका कुठल्या कपड्यांखाली ठेवलाय, ते हल्लेखोराने शोधून दिलं तरच सापडेल.

धोपाव्याच्या चढावर एकदा टेम्पोवाला थांबला. “टाका मागं सायकल.” मी नको म्हटलं. आख्खा रस्ता स्वतःच्या पायांनी चढायचा, हा आम्हा लोकांचा सोवळेपणा. त्याचा चेहरा पडला. शेवटी तडजोड निघाली: सायकल माझी मी चढवायची, पिशव्या तो वर नेणार. क्षणात त्याने पिशव्या उचलल्या आणि वळणाआड दिसेनासा झाला. पैसे, कपडे, आणि अनोळखी माणसांपासून संरक्षण करणारा तो फवारा, सगळंच एका अनोळखी माणसाबरोबर पुढे गेलं.

घामाघूम होऊन वर पोचलो तर टपरीच्या बाकावर पिशव्या नीट मांडून ठेवलेल्या. टेम्पो केव्हाच पुढे निघून गेला होता. मी चहा घेतला, पैसे काढले, तर टपरीवाला घेईना. म्हणाला, “टेम्पोवाल्याने देऊन ठेवलेत. म्हणाला, मागून एक येडा येतोय, त्याला चहा पाज.”

“पण तो येडा मीच, हे कशावरून?” मी विचारलं.

त्याने सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरा कप भरला.