चौघी बहिणी चाकणच्या

चाकणच्या कारखान्यातून २०२१-२२ मध्ये चार गाड्या बाजारात आल्या. स्कोडाच्या कुशाक आणि स्लाव्हिया, फोक्सवॅगनच्या टायगुन आणि व्हर्टस. प्लॅटफॉर्म एकच, 'एमक्यूबी ए-झिरो आयएन'. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर चौघींचं २६५१ मिलिमीटर, एक आणि दीड लिटरची टर्बो इंजिनंही तीच. तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्लाव्हियावाले आणि व्हर्टसवाले तावातावाने भांडतात, खरी जर्मन मजबुती कुणाकडे! (स्कोडा मुळात चेक, पण भांडणात भूगोल कोण बघतो?) शोरूममधला विक्रेता दोन्हीकडे शपथेवर सांगतो, "साहेब, हिच्यासारखी दुसरी नाही." खोटं नाही बोलत बिचारा. दुसरी नाहीच, तीच आहे. फरकच हवा असेल तर नाकावरचा बिल्ला बघा, आणि मग हप्ता.