प्रायोजक : निवृत्त मंडळी

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या २०२४ च्या उत्तर अमेरिका दौऱ्याचा प्रायोजक कोण होता, ठाऊक आहे? एएआरपी. पन्नाशी उलटलेल्यांची अमेरिकन संघटना, जिच्या मूळ नावातच 'निवृत्त' होते. बंडखोरीच्या धंद्यात इतका प्रामाणिक प्रायोजक विरळाच.

आम्ही स्टोन्सभक्त मंडळी 'हा शेवटचाच' म्हणून तिकीट काढतो आणि दर वेळी फसतो. २००३ मध्ये ते मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तेव्हा गायक मिक जॅगर साठीला टेकला होता. आता पुरे, असे अनेकांना वाटले. २००६ मध्ये गिटारवादक कीथ रिचर्ड्स फिजीत झाडावरून पडला (बासष्टाव्या वर्षी लोक झाडाखाली बसतात), कवटीची शस्त्रक्रिया झाली, काही आठवड्यांत स्वारी पुन्हा मंचावर. २०१९ च्या वसंतात जॅगरच्या हृदयाची झडप बदलली; जूनमध्ये तो शिकागोच्या स्टेडियमात नाचत होता. धापा टाकत होतो ते आम्ही, वरच्या रांगेच्या पायऱ्या चढताना.

आमचीही एक खोड आहे. १८ वर्षांनी, २०२३ मध्ये, स्टोन्सनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला. मैफलीत त्यातले गाणे सुरू झाले, की निम्मे चाहते बिअरच्या रांगेत! आम्हाला १९६५ चे 'सॅटिस्फॅक्शन'च हवे. म्हणजे म्हातारे नेमके कोण झाले?

असो. पुढचा दौरा जाहीर झाला, तर तिकीट जरूर काढा. गुडघे कुरकुरत असतील, तर लिफ्टजवळची खुर्ची बघा.